बाळाला मध चाटवायला सांगणारा तो मेसेज

इंदूरच्या आपल्या मराठी ग्रुपांवर सध्या एक मेसेज फिरतोय : ‘सिरप म्हणजे विष. बाळाला जन्मल्यापासून रोज मध चाटवा, नाकात मोहरीच्या तेलाचे दोन थेंब सोडा, छातीला कापूर चोळा. एका रात्रीत खोकला गायब! अमेरिकेतही सिद्ध झालंय.’ परवा सुदामा नगरच्या काकूंनी तो माझ्या वहिनीला पाठवला. तिचं बाळ सात महिन्यांचं आहे, आणि मधाची बाटली फडताळातून बाहेर आलीही होती.

सिरपची धास्ती उगाच नाही, हे कबूल. २०२५मध्ये आपल्याच राज्यात, छिंदवाड्यात, कोल्ड्रिफ नावाचं खोकल्याचं सिरप प्यायलेली वीसहून जास्त मुलं दगावली. त्या सिरपमध्ये डायइथिलीन ग्लायकॉल हे मूत्रपिंडं निकामी करणारं विषारी रसायन निघालं. दोन वर्षांखालच्या मुलांना सर्दी-खोकल्याची औषधं देऊ नयेत, असं त्यानंतर केंद्र सरकारनेही बजावलं. पण सिरप वाईट निघालं म्हणून तान्ह्या बाळाला मध कसा चालेल?

अमेरिकेतला तो अभ्यास २००७चा आहे. १०५ मुलं, झोपायच्या आधी मधाचा एकच डोस, आणि रात्रीचा खोकला खरोखर कमी झाला. (पैसा मध उत्पादकांच्या मंडळाचा होता, तेही सांगून टाकतो.) पण त्यातली सगळी मुलं दोन वर्षांच्या पुढची होती! हेच मेसेजमधून गाळलंय. वर्षाच्या आतल्या बाळाला मध अजिबात द्यायचा नाही, मग तो कितीही शुद्ध असो, घरच्या पोळ्यातला असो. मधात बोटुलिझम या स्नायू लुळे पाडणाऱ्या आजाराच्या जंतूंचे बीजाणू, म्हणजे त्यांची सुप्त रूपं, असू शकतात. मोठ्यांच्या आतड्यात ते रुजत नाहीत, तान्ह्याच्या आतड्यात रुजतात आणि विष तयार करतात. आधी बाळाला शी होत नाही, मग रडणं क्षीण होतं, दूध ओढता येत नाही, पापण्या जड होतात, मान टाकली जाते, शेवटी श्वासाचे स्नायूच लुळे पडतात. मध उकळूनही हे बीजाणू मरत नाहीत. ‘आम्ही गुटी मधातच उगाळली, काही झालं का?’ असं काकू म्हणाल्या. ज्यांना झालं, त्यांचं नेमकं काय झालं हे तेव्हा कुणाला कळत होतं?

नाकातलं तेल फुप्फुसात उतरून न्यूमोनिया होऊ शकतो. कापूर बाळाच्या अंगात भिनला तर झटके येऊ शकतात. दोन्ही बंद. आणि ‘एका रात्रीत’ हे तर साफ खोटं. व्हायरल खोकला दोन-तीन आठवडेही रेंगाळतो.

मोठ्यांनी हळदीचं दूध, आल्याचा काढा खुशाल घ्यावा, मिठाच्या गुळण्या कराव्यात. घशाला आराम पडतो, आजार आपल्या वेळेनेच जातो. खोकला दोन आठवड्यांवर गेला तर मात्र क्षय तर नाही ना, हे पाहायला सरकारी दवाखान्यात थुंकी तपासून घ्या, तिथे पैसे पडत नाहीत.

बाळ खोकत असेल तर अंगावरचं दूध चालू ठेवा. ते शांत असताना झबलं वर करून पूर्ण एक मिनिट श्वास मोजा. वर्षाच्या आत ५०, पाच वर्षांच्या आत ४० किंवा त्याहून जास्त भरले, श्वास घेताना बरगड्यांखाली खड्डा पडला किंवा बाळ दूध पिईना, तर त्याच रात्री डॉक्टरांकडे न्या. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाला तर श्वास न मोजताच न्या.