खेळाडू कोण, हे ठरवणारे तुम्ही कोण?

दिवाळीला पुण्याहून आमच्या यवतमाळकडच्या गावी आलेली मित्रमंडळी पारावर बसली, की निन्टेंडो या जपानी कंपनीने २००६ मध्ये वी हा टीव्हीला जोडून व्हिडिओ गेम खेळायचा कन्सोल आणून, सोप्या घरगुती खेळांच्या नादी लागून 'खऱ्या' खेळाडूंना वाऱ्यावर सोडले, हेच रडगाणे दरवर्षी सुरू होते आणि माझे डोके उठते. अरे, अमेरिकेत वी आला त्याच दिवशी झेल्डा या साहसी व्हिडिओ गेमच्या मालिकेतला 'ट्वायलाइट प्रिन्सेस' हा भलामोठा खेळही आला, तो कोणासाठी होता? पुढे १० कोटींहून अधिक वी विकले गेले. कापूस वेचून बोटे चिरलेल्या माझ्या आजीने हात फिरवून खेळायच्या वीच्या रिमोटचा पट्टा मनगटाला बांधून 'वी स्पोर्ट्स' या गेममधल्या बोलिंगमध्ये दहाही पिना एका फेकीत पाडल्या, तेव्हा तिचा थरथरणारा हात मी पाहिला आहे. तिला खेळाडू न मानणाऱ्यांचे बोलणे मला आता ऐकवत नाही.