पहाटे 5, रोज 1 टक्का, 21 दिवस: मालकांच्या माथी मारलेले नियम

व्यवसाय चालवणाऱ्या माणसाच्या मोबाइलवर हा मजकूर कधी ना कधी आलेला असतोच. शब्द इकडचे तिकडे होतात, सार तेच राहतं. पहाटे 5 ला उठा, 5 तासांहून जास्त झोपू नका. कामावर सगळ्यांच्या आधी या, सगळ्यांच्या नंतर जा. रोज फक्त 1 टक्का सुधारणा करा, वर्षभरात 37 पट पुढे जाल. कोणतीही सवय 21 दिवसांत लागते. हाताखालच्या माणसांना बजावा की अडचणी नकोत, उत्तरं घेऊन या. आणि हे जमत नसेल, तर तुमची इच्छाशक्ती कमी पडते आहे.

ज्यांना हा मजकूर पुढे पाठवायचा ते पाठवून मोकळे होतात. मनावर घेतात ती वेगळी माणसं. महिनाअखेरीला सगळ्यांचे पगार वेळेवर निघतील ना, या काळजीने ज्यांची झोप आधीच उडालेली असते, अशी कष्टाळू, प्रामाणिक माणसं. त्यांना आणखी घाण्याला जुंपणारा हा सल्ला आहे, म्हणून तो एकेक मुद्दा घेऊन तपासायला हवा. माझा मूळ आक्षेप आधीच सांगतो. यातला जवळपास प्रत्येक नियम मालकाच्या शरीराकडे आणि जिद्दीकडे बघतो. मालकाचं नेतृत्व मात्र दिसतं ते इतरांच्या कामात, तेही तो समोर नसताना.

पहाटे उठण्याशी माझं भांडण नाही. ज्याला मानवतं त्याने उठावं. काहींचं डोकं सकाळी तरतरीत असतं, काहींचं संध्याकाळी, आणि यात आनुवंशिकतेचाही वाटा असतो. घातक आहे ते झोप कापणं. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातल्या संशोधकांनी 2003 मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात काही निरोगी लोकांना सलग 14 दिवस रोज 6 किंवा 4 तासच झोपू दिलं. लक्ष आणि स्मरणाच्या चाचण्यांत त्यांची कामगिरी घसरत घसरत एक-दोन रात्री डोळ्याला डोळा न लागलेल्या माणसांच्या पातळीला गेली. त्याहून गंभीर बाब म्हणजे आपण इतके मंदावलो आहोत, हे त्यांच्या बऱ्याच अंशी लक्षातच आलं नाही. अशा डोक्याने मालक कर्जाच्या कागदांवर सही करतो, जुन्या माणसाला काढायचं की ठेवायचं ते ठरवतो, आणि वर ‘मला काही होत नाही’ असंही मनापासून म्हणतो.

‘सगळ्यांच्या आधी या, सगळ्यांच्या नंतर जा’ हा नियम ऐकायला इतका चांगला वाटतो की त्याला कोणी हरकत घेत नाही. आधी तासांचं बोलू. पहिल्या महायुद्धात ब्रिटनमधल्या दारूगोळा कारखान्यांत कामगारांचे तास आणि उत्पादन यांच्या नोंदी ठेवल्या गेल्या होत्या. स्टॅनफर्ड विद्यापीठातले अर्थतज्ज्ञ जॉन पेन्कावेल यांनी त्या पुन्हा अभ्यासून 2014 मध्ये निष्कर्ष मांडले. आठवड्याला साधारण 49 तासांपर्यंत तासांच्या प्रमाणात उत्पादन वाढत होतं. त्यानंतर वाढ मंदावत गेली. 70 तास राबणाऱ्यांचं उत्पादन 56 तास राबणाऱ्यांपेक्षा फारसं वेगळं नव्हतं, म्हणजे वरचे 14 तास जवळजवळ पाण्यात. ते काम हातांचं होतं. ज्याचं काम निर्णय घेण्याचं आहे, त्याला थकवा कमी नडेल असं मानायला मला तरी काही आधार दिसत नाही.

पण तासांपेक्षा मोठं नुकसान दुसरीकडे होतं. मालक कायम हजर असला की प्रत्येक प्रश्न त्याच्याच टेबलावर येतो. ग्राहकाला दोन दिवसांची सवलत द्यायची का? विचारा मालकांना. खराब झालेला पंखा बदलायचा का? विचारा मालकांना. विचारणारा आळशी नसतो. आपण ठरवलं आणि चुकलं तर बोलणी खावी लागतील, विचारलं तर काही बिघडत नाही, हे तो अनुभवाने शिकलेला असतो. काही वर्षांनी तोच मालक तक्रार करतो, ‘माझ्याशिवाय इथे पान हलत नाही.’ पान हलू नये अशी व्यवस्था रोज थोडी थोडी त्याच्याच हजेरीतून उभी राहिलेली असते.

यावर भारतातच झालेला एक मोठा प्रयोग आहे आणि तो प्रत्येक मालकाने समजून घ्यावा असं मला वाटतं. 17 कापड कंपन्यांवर झालेला हा अभ्यास 2013 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातल्या काही कारखान्यांना काही महिने सल्लागार देऊन साध्या पद्धती लावून दिल्या. यंत्र किती वेळ आणि कशामुळे बंद पडलं याची नोंद, कापडातल्या दोषांची नोंद, सुताच्या साठ्याची नोंद, आणि या नोंदी समोर ठेवून रोज बैठक. पहिल्याच वर्षात तिथली उत्पादकता 17 टक्क्यांनी वाढली. मला याहून महत्त्वाची वाटते ती पुढची गोष्ट. नोंदी हाताशी आल्यावर मालक जास्त निर्णय व्यवस्थापकांवर सोपवू लागले आणि तीन वर्षांत या कंपन्यांनी नवे कारखानेही उघडले. सगळं डोळ्यांनी बघण्याची गरज कमी झाली, तेव्हा हात मोकळे झाले.

म्हणून लवकर येण्याच्या नियमाऐवजी मी एक वही सुचवेन. आठवडाभर आपल्याकडे आलेला प्रत्येक प्रश्न तिच्यात लिहायचा, कोणी विचारला तेही लिहायचं. आठवड्याच्या शेवटी बघितलं की तेच ते प्रश्न तीच ती माणसं पुन्हा पुन्हा विचारताना सापडतात. त्यातला एक प्रश्न निवडून मर्यादा ठरवून द्यायची: इतक्या रकमेपर्यंत, इतक्या दिवसांपर्यंत तुम्हीच ठरवा, मला नंतर सांगा. पुढे एखादा निर्णय मनासारखा झाला नाही तरी तो फिरवायचा नाही. हे पहाटे उठण्यापेक्षा कितीतरी अवघड आहे.

आता 37 पट. आकडेमोड बरोबर आहे: 1.01 चा 365 वा घात केला की 37.78 येतो. माणसाचं कौशल्य मात्र असं चक्रवाढीने वाढत नाही. टी. पी. राइट या विमान अभियंत्याने 1936 मध्ये दाखवलं की बांधलेल्या विमानांची एकूण संख्या दुप्पट झाली की एका विमानामागची मजुरी सुमारे 20 टक्क्यांनी उतरते. नीट बघा, पहिल्या विमानानंतर ही बचत दुसऱ्यावरच मिळते, पण 100 विमानांनंतर तीच बचत मिळवायला आणखी 100 विमानं बांधावी लागतात. शिकण्याचा वेग पुढे पुढे कमी होतो, चक्रवाढीच्या अगदी उलट. शिवाय मालकाच्या कामात रोजचा 1 टक्का मोजणार कशाने? आज घेतलेला माणूस योग्य होता की नाही, हे कळायला सहा महिने जातात. सुरुवातीच्या दहा मुलाखतींत खूप शिकायला मिळतं, पुढच्या पन्नासांत थोडं थोडं. हा मंदावण्याचा काळ येणारच, हे ठाऊक नसलेला माणूस त्यालाच आपलं अपयश समजतो आणि चांगला चाललेला प्रयत्न मध्येच टाकतो. 37 पटीच्या हिशेबाने होणारं खरं नुकसान हे आहे.

21 दिवसांचं थोडक्यात निपटतं. हा आकडा मॅक्सवेल माल्ट्झ या प्लास्टिक सर्जनच्या 1960 मधल्या लिखाणातून आला. बदललेल्या चेहऱ्याची सवय व्हायला रुग्णांना किमान 21 दिवस लागतात, असं त्यांचं निरीक्षण होतं. सांगोवांगी ‘किमान’ गळून पडलं. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी 96 जणांवर केलेल्या अभ्यासात सवय अंगवळणी पडायला लागणारा मध्यम काळ 66 दिवसांचा निघाला, आणि अंदाज 18 पासून 254 दिवसांपर्यंत पसरलेले होते. एखादा दिवस चुकल्याने फारसं बिघडत नाही, हेही त्यातून दिसलं.

सगळ्यात जास्त चीड मला ‘अडचणी नकोत, उत्तरं आणा’ या वाक्याची येते, कारण ते बाणेदार वाटतं आणि आतून पोखरतं. माल रवाना करणाऱ्या माणसाच्या जागी उभं राहून बघा. गाडी लागलेली आहे. खोक्यावरचा पार्ट नंबर आणि चलनावरचा नंबर जुळत नाही. चूक छपाईत झाली, भरणाऱ्याकडून झाली की ऑर्डर घेतानाच झाली, हे त्याला कळायला मार्ग नाही, कारण तीन विभागांचे कागद त्याच्या हातात नाहीत. म्हणजे उत्तर त्याच्याकडे असूच शकत नाही. उत्तराशिवाय तोंड उघडायचं नाही असा दंडक असेल तर तो काय करेल? गाडी सोडेल. दहा दिवसांनी माल परत येईल आणि मालक विचारेल, ‘कोणाच्याच लक्षात कसं आलं नाही?’ लक्षात आलेलं असतं. बोलण्याची वाट बंद असते.

एमी एडमंडसन या संशोधक महिलेने 1990 च्या दशकात रुग्णालयांमधल्या औषधांच्या चुका अभ्यासल्या. चांगल्या नेतृत्वाच्या तुकड्यांत चुका कमी असतील अशी तिची अपेक्षा होती. आकडे उलटे निघाले, तिथेच जास्त चुका नोंदलेल्या होत्या. उलगडा असा झाला की या तुकड्यांतले लोक चुका लपवत नव्हते, मोकळेपणाने बोलत होते. टोयोटाच्या कारखान्यात तर साध्या कामगाराला दोरी ओढून मदत मागता येते, आणि ठरलेल्या वेळात अडचण सुटली नाही तर अख्खी लाइन थांबते. दोरी ओढताना उत्तर हातात हवं, अशी अट तिथे नाही.

मग प्रत्येक जण रडगाणं घेऊन येईल, ही भीती खोटी नाही. त्यावर साधा उपाय आहे. आलेल्याला विचारायचं, काय दिसलं, कधीपासून दिसतंय, आणि तुला काय वाटतं. तिसऱ्याचं उत्तर नसलं तरी चालेल. मालकाचा चेहरा पहिल्या अर्ध्या मिनिटात कसा होतो, त्यावर पुढची बातमी त्याच्यापर्यंत पोचणार की नाही हे ठरतं.

राहिला इच्छाशक्तीचा दोष. कापड कारखान्यांच्या त्याच अभ्यासातले संशोधक 2017 मध्ये पुन्हा तिथे गेले. लावून दिलेल्या पद्धतींपैकी जवळपास निम्म्या बंद पडल्या होत्या. मुख्य कारणं दोन: व्यवस्थापक बदलले होते, आणि मालकांकडे वेळ नव्हता. जिद्द ओसरली असंच कोणीही बाहेरून म्हटलं असतं. प्रत्यक्षात पद्धत एका माणसाच्या डोक्यात होती आणि तो माणूस गेला. जिथे रोजची बैठक कोण घेणार, तो नसेल तर कोण, नोंदी कोणत्या वहीत आणि नव्या व्यवस्थापकाला पहिल्या आठवड्यात त्या कोण दाखवणार, एवढं लिहून ठेवलेलं असतं, तिथे माणूस गेला तरी बैठक दुसऱ्या दिवशी भरू शकते.