समुद्र दारात हवाय? देमाक गाठा

अलिबागला दोन गुंठ्यांचा भाव विचारून हात हलवत परतलेल्यांनी खचून जाऊ नये. इंडोनेशियात, मध्य जावाच्या उत्तर किनाऱ्यावर सेमारांग शहराला लागून देमाक जिल्हा आहे. त्यातल्या सायुंग तालुक्यात तिंबुलस्लोको आणि बेदोनो ही गावं येतात. इथे समुद्र बघायला गच्चीवर जायची गरज नाही. भरतीला तो स्वतःच माजघरात येतो. या पाण्याला तिथले लोक 'रोब' म्हणतात. वादळ नको, पाऊस नको, निरभ्र आकाशाखालीही रोब येतो आणि चुलीपर्यंत पोचतो. एजंटाने किनारा शंभर मीटरवर असल्याचं सांगितलं, तर कोणत्या वर्षी, एवढंच विचारा.

आधी जमिनीचा इतिहास. इथे एके काळी भाताची शेतं होती. 1980 नंतर कोळंबीला भाव आला, तशी शेतांची 'तंबाक' म्हणजे मत्स्यतळी झाली आणि तळ्यांसाठी किनाऱ्यावरची खारफुटी तोडली गेली. लाटा अडवणारं कुणी उरलं नाही. त्यात ही सगळी जमीन नद्यांनी आणलेल्या गाळाची, कोवळी. खोलवरचं पाणी उपसलं की चिकणमातीचे थर दाबले जातात आणि नंतर पाणी परत मुरलं तरी पूर्वीइतके फुगत नाहीत. सेमारांग-देमाक पट्ट्यात काही ठिकाणी जमीन वर्षाला 10 सेंटीमीटरच्या आसपास खचते. जगभरातला समुद्र वर्षाला सरासरी चारेक मिलिमीटर चढतो. तरी सगळं खापर हवामानबदलावर फोडायला हरकत नाही. त्यात निदान कुठल्या कारखान्याची बोअरवेल बंद करावी लागत नाही.

तुम्हीही बोअरवेल घ्याच. वरचं पाणी खारट, त्यामुळे गोड पाण्यासाठी खोल जावंच लागतं. जेवढं पाणी वर काढाल तेवढं घर खाली जाईल, म्हणजे हिशेब चोख राहील.

आता घराकडे या. सल्ल्याची खरी गरज इथेच आहे. जमीन खचली की जोत्यावर भराव घालायचा, हा तिथला रूढ उपाय. खोली चार बाय पाच मीटरची धरा. फरशी 30 सेंटीमीटर उचलायची म्हणजे 6 घनमीटर दाबलेली माती. सुटी माती दाबल्यावर बसते, म्हणून मागवायची 8 घनमीटर. ट्रक दारापर्यंत येणार नाही, कारण रस्ता पाण्याखाली आहे. माती पोत्यांत भरून होडीने आणा, मजुरी वेगळी. काम झालं की हात झटकून बघा, त्या खोलीत तुम्ही साधारण 10 टन वजन रचलेलं असतं, तेही लोण्यासारख्या मऊ गाळावर. घर आता आणखी जोमाने खचेल. एक भराव तीनेक वर्षं पुरतो.

फरशी वर येते, छप्पर मात्र जागच्या जागी राहतं. 2 मीटरचं दार तीन भरावांनंतर 1 मीटर 10 सेंटीमीटरचं होतं. पाहुणे वाकून आत येतील, त्याला नम्रता समजा. खिडकीची चौकट जमिनीला टेकली की तिचं दार करा. छप्पर उचलायला निघालात तर खांब, तुळया, कौलं सगळंच नव्याने आलं. म्हणून पैसे संपलेले लोक भरावाचा नाद सोडतात आणि जुन्या घराच्या आतच लाकडी खांबांवर फळ्यांचा माळा ठोकतात. वजन कमी, पाणी खालून वाहतं, आणि पुढच्या वेळी फळ्या उचलून पुन्हा वर ठोकता येतात. खरं सांगायचं तर यापेक्षा शहाणा उपाय तिथे दुसरा नाही, आणि तो कुठल्याही शासकीय योजनेतून आलेला नाही.

काँक्रीटच्या मोहात पडू नका. खारं पाणी सळईपर्यंत पोचलं की सळई गंजून फुगते आणि वरचा थर पोपड्यांसारखा सुटतो. विटांत ओल चढते, ती सुकली की मीठ आत राहतं, आणि भिंत आतून भुगा होत जाते. विजेचा मीटर आणि बटणं छातीच्या वर लावा, मोटरसायकल कोरड्या रस्त्यावर कुणाच्या तरी अंगणात ठेवा. दफनाच्या तारखा मात्र हातात नसतात. ओहोटीची वाट बघायची, खड्ड्यात साठलेलं पाणी उपसायचं आणि घाई करायची.

संरक्षणाची चिंता नको, प्रयोग चालूच असतात. 2015 पासून काही वर्षं इथे डच आणि इंडोनेशियन संस्थांनी मिळून बांबू-फांद्यांचे सच्छिद्र बांध घातले. लाट मंदावते, मागे गाळ साठतो, त्यात खारफुटी रुजते. विचार उत्तम होता. लाकूड पोखरणाऱ्या शिंपल्यांनी खांब खाल्ले आणि साठलेला गाळ जमिनीसोबत खचत राहिला. शिवाय सेमारांग-देमाक टोल रोड आहे. सायुंग ते देमाक हा टप्पा 2023 मध्ये सुरू झाला आणि सेमारांगकडचा टप्पा समुद्राची भिंत म्हणूनही उभा राहतोय, बांबूच्या थरांवर. जावाच्या पश्चिमेकडच्या बांतेनपासून पूर्वेकडच्या ग्रेसिकपर्यंत आणखी मोठ्या भिंतीची घोषणाही झालेली आहे. तुम्ही नकाशा घ्या आणि आपला प्लॉट भिंतीच्या कोणत्या अंगाला येतो तेवढं बघा. ब्रोशरमध्ये हे छापत नाहीत.

कागदपत्रं. पूर्ण मालकीचा हक्क, 'हाक मिलिक', 1960 च्या कृषिभूमी कायद्यानुसार इंडोनेशियन नागरिकालाच मिळतो. परकीयाला 'हाक पाकाई' म्हणजे वापराचा हक्क. तो 30 वर्षांचा, पुढे 20 आणि 30 वर्षांनी वाढवता येतो. म्हणजे मुदत 80 वर्षं. जमीन इतकी वर्षं टिकेल का, हे कायद्यात विचारलेलं नाही. एखाद्या स्थानिकाच्या नावावर घेऊन आपण वापरायची युक्ती सुचवणारे भेटतील. तो व्यवहार रद्दबातल ठरतो आणि जमीन सरकारजमा होते. भूमी-इमारत कराच्या पावत्या जपून ठेवा, पण त्यांनी मालकी सिद्ध होत नाही. आपल्याकडच्या सातबाऱ्यावर भांडणाऱ्यांना यात नवं काही वाटणार नाही.

खरी गंमत त्याच कायद्याच्या 27 व्या कलमात आहे. जमीन नष्ट झाली की मालकी संपते. बुडालेली जमीन 'तानाह मुस्नाह', नष्ट भूमी, ठरू शकते. 2021 चा नियम उदार आहे, भराव घालून जमीन पुन्हा उभी करायची पहिली संधी मूळ मालकालाच. खर्च अर्थात त्याचाच. बेदोनोतल्या तांबाकसारी आणि सेनिक या वाड्यांतली कुटुंबं 1999 आणि 2006 च्या सुमारास हलवावी लागली. तिथे आता खारफुटी आहे, बगळे आहेत, आणि एका संताची कबर बघायला येणारे भाविक आहेत. बहुतेक मालक तेवढे उरले नाहीत.

नुकसानभरपाई मागू नका, नष्ट भूमीला ती नसते. सानुग्रह रक्कम मिळू शकते. पण 2022 चा आणि 2023 मध्ये सुधारलेला अध्यक्षीय आदेश सार्वजनिक प्रकल्पासाठी लागणाऱ्या नष्ट भूमीपुरता आहे. तेव्हा प्लॉट घेताना पाण्याची खोली मोजत बसू नका. टोल रोडची आखणी मिळवा आणि तिच्या आत बुडालेला तुकडा शोधा. दहा मीटर बाहेर बुडालात, तर त्या आदेशाला तुमच्याशी काही देणंघेणं नाही.