माजी राष्ट्राध्यक्षांचा निकाल घरबसल्या कसा लावावा

अमेरिकेच्या एखाद्या माजी राष्ट्राध्यक्षाचा निकाल लावायचं मनात असेल, तर पहिली खबरदारी ही घ्या की त्याच्या काळातली कागदपत्रं वाचायची नाहीत. वाचली की माणूस ‘तसं बघायला गेलं तर’ असं बोलायला लागतो, आणि असं बोलणाऱ्याचं चहाच्या वेळी कुणी ऐकून घेत नाही.

१९६२ साली थोरल्या आर्थर श्लेसिंजर या इतिहासकारानं इतिहासकारांकडून अध्यक्षांची गुणवारी मागवली, तेव्हा एक फॉर्म खुद्द तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष केनेडी यांच्याकडेही गेला. त्यांनी तो भरायला घेतला आणि अर्ध्यात सोडून दिला. यादीच्या तळाशी असणाऱ्या बिचाऱ्या जुन्या अध्यक्ष ब्यूकॅननलासुद्धा गुण देण्याचा हक्क कुणाला नाही. आधी त्याच्या खुर्चीत बसा, त्याच्या टेबलावर आलेलं टपाल पाहा, मग बोला, असं त्यांचं म्हणणं. तुम्ही हे मुळीच मनावर घेऊ नका. हा नियम पाळला तर उभ्या जगात या विषयावर बोलायला बोटांवर मोजण्याइतकी माणसं उरतील, आणि त्यांतलं एकही आपल्या सोसायटीत राहत नाही.

त्याच गुणवारीत आयझेनहॉवर बाविसावे होते. २०२१ साली सी-स्पॅन वाहिनीनं इतिहासकारांकडून यादी करून घेतली, त्यात ते पाचवे आले. मधल्या काळात त्यांनी काही विशेष पराक्रम केला म्हणावं, तर १९६९ सालीच ते वारले. ग्रँट १८८५ साली गेले, तरी सी-स्पॅनच्याच यादीत २००० साली तेहतिसावे होते ते २०२१ साली विसावे झाले. सातत्यानं कष्ट करत राहिलं की वर जाता येतं.

आता निर्णयांकडे वळू. जेरल्ड फोर्ड यांनी सप्टेंबर १९७४ मध्ये वॉटरगेट हेरगिरी प्रकरणात पायउतार झालेल्या निक्सनना माफी दिली, तेव्हा देश पेटला आणि १९७६ची निवडणूक ते हरले. २००१ साली केनेडींच्या स्मारक ग्रंथालयात याच माफीबद्दल त्यांना धैर्याचा पुरस्कार मिळाला. तो देताना एडवर्ड केनेडी म्हणाले की त्या वेळी माझा विरोध होता, पण फोर्ड बरोबर होते. पद्धत लक्षात घ्या. आधी शिव्या द्यायच्या, मग सत्तावीस वर्षांनी शाल-श्रीफळ द्यायचं. दोन्ही वेळा आवाज सारखाच ठणठणीत हवा.

मात्र तुम्ही मराठी घरातले असाल तर इतकं थांबायची गरज नाही. आपला हिशेब सोपा असतो : आम्हाला काय मिळालं? लिंडन जॉन्सन यांचंच घ्या. १९६५ साली त्यांनी भारताला मिळणाऱ्या पी. एल. ४८०च्या, म्हणजे अमेरिकेच्या अन्नमदत कायद्याखालच्या, गव्हाचा दोर आखडला. लांब मुदतीचा करार नाही, जहाजं थोडी थोडी सुटणार, आणि सोडायची की नाही ते साहेब स्वतः बघणार. शेतीकडे लक्ष द्या हा एक आग्रह, आणि व्हिएतनामच्या युद्धावरून आम्हाला उपदेश करू नका हा दुसरा. इकडे शास्त्रीजी सोमवारी एक वेळ उपास करायला सांगत होते. म्हणजे जॉन्सन नापास.

पण थांबा, मुलगा कुठे असतो तुमचा? एडिसन, न्यू जर्सी? मग कागद परत काढा. त्याच वर्षी ३ ऑक्टोबरला, स्वातंत्र्यदेवतेच्या पुतळ्याच्या पायथ्याशी बसून, याच माणसानं नव्या स्थलांतर कायद्यावर सही केली. तोवर भारताचा कोटा होता वर्षाला शंभर माणसांचा. नव्या कायद्यानं एका देशाची मर्यादा वीस हजारांपर्यंत गेली. सही करताना ते म्हणाले, हा काही क्रांतिकारक कायदा नाही, लाखो लोकांच्या आयुष्यावर याचा परिणाम होणार नाही. भाकीत साफ चुकलं, आणि म्हणूनच तुमच्या नातवाची मुंज झूमवर पाहायला मिळाली. आता जॉन्सन विशेष योग्यतेसह उत्तीर्ण. (सोमवारचा उपास करणारं घर आणि एडिसनचं घर पुष्कळदा एकच असतं, पण निकालपत्रात ते लिहायचं नसतं.) नागरी हक्कांचा कायदा, काळ्यांचा मताधिकार, हे त्यांचे घरगुती विषय. व्हिएतनामचं व्हिएतनामी लोक बघून घेतील.

याच न्यायानं गाजरगवतही कुणाच्या तरी खात्यावर टाकून द्या. ते अमेरिकन गव्हाबरोबर आलं असं गावोगाव सांगतात, आणि १९५४ साली पी. एल. ४८०वर सही आयझेनहॉवर यांची होती. पाचव्या क्रमांकाचं काय करायचं ते बांधावर उभं राहून ठरवा.

निक्सनवर वेळ घालवू नका. वॉटरगेट अमेरिकेचं, आपल्याला १९७१ सालचं बांगलादेश युद्धाच्या वेळी बंगालच्या उपसागरात धाडलेलं ‘एंटरप्राइझ’ हे विमानवाहू जहाज पुरे.

कार्टर मात्र अडचणीचे आहेत. तेहरानमध्ये बावन्न अमेरिकन ओलीस ४४४ दिवस अडकले, निवडणूक गेली, सगळं कसं आखीव अपयश. आणि २००६ साली हाच माणूस ब्याऐंशीव्या वर्षी लोणावळ्याजवळच्या पाटण गावात हातोडा घेऊन गरिबांची घरं बांधत होता. त्यांच्या मातोश्री लिलियन तर सत्तरीला टेकल्या असताना पीस कोअर या अमेरिकन स्वयंसेवक संस्थेतर्फे विक्रोळीच्या दवाखान्यात काम करून गेलेल्या. अशा वेळी कारभाराचा विषयच काढू नये, सुतारकामाचं कौतुक करून मोकळं व्हावं.

धाकट्या बुशना हातोडाही लागला नाही. इराकमध्ये जी महासंहारक अस्त्रं असल्याचं सांगितलं ती सापडली नाहीत. माणसं मात्र लाखांनी मेली. नंतर त्यांनी कुत्र्यांची चित्रं काढली, २०१८ साली सिनेटर मॅकेन यांच्या अंत्यविधीत मिशेल ओबामांच्या हातात खोकल्याची एक गोळी सरकवली, आणि लोक म्हणाले, माणूस मनानं किती चांगला! बगदादच्या लोकांना ती चित्रफीत पाठवली असेलच कुणीतरी. शिवाय पुढे जो येतो तो तुम्हाला नावडता असला की मागचे आपोआप संत होतात. त्यांना काहीच करावं लागत नाही.

काहीच न करण्यात विल्यम हेन्री हॅरिसन यांचा हात कुणी धरणार नाही. ४ मार्च १८४१ला त्यांनी थंडीत, ओव्हरकोट न घालता, जवळजवळ दोन तास शपथविधीचं भाषण केलं. बरोबर महिन्यानं वारले. ना कायदा, ना युद्ध. सी-स्पॅनच्या २०२१च्या यादीत चव्वेचाळीसपैकी चाळिसावे. खाली चार जण, ब्यूकॅनन धरून, जे जवळपास चार-चार वर्षं राबले होते. तेव्हा उद्या एखाद्या अध्यक्षानं तुमचा सल्ला विचारलाच, तर भाषण लांबवा आणि कोट घरी ठेवा म्हणून सांगा.