हिचकॉकने नटीवर बर्फाचे पाणी ओतले नव्हते

रहस्यपट आणि भयपटांसाठी गाजलेला दिग्दर्शक आल्फ्रेड हिचकॉक याच्याविषयीचा एक लांबलचक मजकूर सध्या व्हॉट्सॲपवर फिरतो आहे. लिहिणाऱ्याचे नाव नाही. शेवटी मात्र ‘प्रत्येक चित्रपटप्रेमीपर्यंत पोहोचवा’ अशी विनंती आहे. त्यात सात दावे आहेत. त्याचा ‘सायको’ हा चित्रपट म्हणजे जशीच्या तशी घडलेली घटना आहे. त्यातल्या शॉवरच्या प्रसंगात हिचकॉकने नायिकेला न सांगता बर्फासारखे गार पाणी सोडले, म्हणून पडद्यावरची किंकाळी खरी आहे. ‘द बर्ड्स’मध्ये त्याने नायिकेवर पाच दिवस जिवंत पक्षी सोडले आणि त्यामुळेच तो प्रसंग अजरामर झाला. नट म्हणजे गुरे, असे तो म्हणत असे. त्याचे चित्रपट खरे तर त्याच्या बायकोने केले. हॉलिवूड त्याला घाबरत असल्यामुळे त्याला ऑस्कर मिळाले नाही. आणि सातवा दावा असा, की भीतीचे गुपित तो आपल्याबरोबर घेऊन गेला. या सगळ्यावरून मजकूर असा निष्कर्ष काढतो, की खरी भीती टिपायची असेल तर माणसाला खरोखर घाबरवावे लागते आणि आजच्या नाजूक पिढीला ते झेपत नाही.

आमच्या ठाण्यातल्या नातेवाइकांच्या गटावर हा मजकूर आला आणि त्याला भरघोस अंगठेही मिळाले. तेवढ्यावर भागले असते तर मी लिहायला बसलो नसतो. पण माझी भाची नेरूळला महाविद्यालयात शिकते आणि मित्रमंडळींच्या एका लघुपटात काम करते. त्या लघुपटाच्या दिग्दर्शकाने, जो तिच्याच वर्गातला आहे, न्हाणीघरातल्या प्रसंगात तिला पूर्वकल्पना न देता तिच्या अंगावर बादलीभर बर्फाचे पाणी ओतायचे ठरवले होते. कॅमेरा सांभाळणाऱ्या मुलीने तिला ते आधीच सांगितले म्हणून प्रकार टळला. जाब विचारल्यावर त्या मुलाने खुलासा म्हणून हाच मजकूर पुढे केला. ओल्या फरशीवर दचकून पाय घसरला तर काय होते हे सांगायला चित्रपटाचा अभ्यास लागत नाही, पण हिचकॉकच्या नावावर ते खपवले जात असेल तर हिचकॉकने काय केले होते ते नीट सांगणे भाग आहे. म्हणून मी दाव्यांचा क्रम मोडून आधी दुसरा आणि तिसरा दावा घेतो.

गार पाण्याची गोष्ट ‘सायको’ची नायिका जॅनेट ली हिने स्वतः अनेकदा खोडून काढली आहे. शॉवरखाली उभी असलेली व्यक्ती तीच होती, त्यामुळे तिच्यापेक्षा मोठा साक्षीदार मिळणार नाही. पाणी कोमट होते आणि चित्रीकरणाच्या वेळी तिच्या सोयीची काळजी घेतली जात होती, असे तिने सांगितले आहे. तिचा शब्द बाजूला ठेवला, तरी साधा विचार केल्यावर ही कथा टिकत नाही. फ्रान्स्वा त्रुफो या फ्रेंच दिग्दर्शकाने १९६२ मध्ये हिचकॉकची आठवडाभर मुलाखत घेतली आणि १९६६ मध्ये ती पुस्तकरूपाने प्रसिद्ध केली. त्यात हिचकॉक सांगतो, की पडद्यावरच्या ४५ सेकंदांसाठी सात दिवस चित्रीकरण चालले आणि कॅमेऱ्याच्या ७० मांडण्या झाल्या. अचानक पडलेल्या गार पाण्याने माणूस एकदा दचकतो. उरलेल्या ६९ मांडण्यांत त्या नटीला काय होणार आहे हे ठाऊकच असणार. सात दिवस कोणालाही ‘अचानक’ घाबरवता येत नाही, एवढी गोष्ट मजकूर पुढे धाडणाऱ्या एकाच्याही लक्षात येऊ नये याचे मला नवल वाटते.

त्याच मुलाखतीत हिचकॉक आणखी सांगतो, की जॅनेट लीचे हात, खांदे आणि डोके एवढेच दाखवले आहे. बाकी शरीर तिच्या जागी उभ्या केलेल्या मॉडेलचे आहे, आणि सुरी शरीराला कुठेही लागत नाही, सगळे संकलनात घडते. मारेकऱ्याची भूमिका करणारा अँथनी पर्किन्स त्या दिवसांत नाटकाच्या तालमींसाठी न्यूयॉर्कला होता. पडद्यावर वाहणारे रक्त म्हणजे चॉकलेटचे सिरप आहे. चित्रपट कृष्णधवल असल्यामुळे ते चालून गेले. सुरीचा आवाज खरबुजात सुरी खुपसून मिळवला होता. म्हणजे या प्रसंगात खून करणारा नट हजर नाही, मरणारे शरीर बहुतांशी दुसरीचे आहे, रक्त खोटे आहे आणि वार फळावर झाले आहेत. यात ‘खरे’ काय आहे ते मजकूर लिहिणाऱ्याने दाखवून द्यावे.

सर्वांत बोलकी गोष्ट जॅनेट लीनेच सांगितली आहे. पूर्ण झालेला चित्रपट पाहिल्यावर शॉवरखाली उभा असलेला माणूस किती असहाय असतो हे तिला जाणवले आणि त्यानंतर ती शॉवर टाळून टबमध्येच स्नान करू लागली. जिने तो प्रसंग तुकड्यातुकड्यांनी स्वतः केला होता, तिला भीती बसली ती प्रेक्षक म्हणून खुर्चीत बसल्यावर. तुकडे जोडले गेले आणि संगीतकार बर्नार्ड हरमनचे तंतुवाद्यांचे कर्कश संगीत त्यांवर चढले, तेव्हा कुठे भीती तयार झाली. हिचकॉकला त्या प्रसंगाला संगीतच नको होते. हरमनने तरीही ते रचले आणि ऐकल्यावर हिचकॉकने आपला निर्णय बदलला.

भीती पाहणाऱ्याच्या मनात तयार होते, हा त्याच्या साऱ्या कामाचा पाया होता आणि त्याने तो त्रुफोला उदाहरणासह समजावून दिला आहे. माणसे टेबलाभोवती बसून गप्पा मारत आहेत आणि टेबलाखाली बाँब आहे. प्रेक्षकाला तो ठाऊक नसेल तर स्फोट झाल्यावर १५ सेकंदांचा धक्का मिळतो. बाँब आहे आणि तो कधी फुटणार आहे हे प्रेक्षकाला आधीच दाखवले, तर त्याच रटाळ गप्पा १५ मिनिटे श्वास रोखून ऐकल्या जातात. टेबलाशी बसलेल्या नटांनी घाबरण्याचा इथे प्रश्नच येत नाही, उलट त्यांनी निवांत असणे हीच त्या प्रसंगाची अट आहे. गडकरी रंगायतनमध्ये रहस्यनाट्य पाहिलेल्या प्रेक्षकाला हे नवे नाही, कारण पडद्याआड कोण लपले आहे हे त्याला ठाऊक असते, नायिकेला नसते, आणि कासावीस तो होत असतो.

नटाच्या चेहऱ्याविषयी तर हिचकॉक याहून पुढे जातो. खिडकीतून शेजाऱ्यांवर नजर ठेवणाऱ्या माणसाच्या ‘रिअर विंडो’ या त्याच्या चित्रपटातला नट जेम्स स्ट्युअर्ट खिडकीतून पाहून हसतो, असे तो उदाहरण देतो. त्याआधी टोपलीतून खाली सोडले जाणारे कुत्र्याचे पिल्लू दाखवले, तर तो कनवाळू गृहस्थ वाटतो. पिल्लाऐवजी तोकड्या कपड्यांत व्यायाम करणारी तरुणी दाखवली, तर तेच हसू चावट म्हाताऱ्याचे होते. ही युक्ती कुलेशोव्ह या रशियन दिग्दर्शकाच्या प्रयोगांतून आली आणि हिचकॉक तिचे ऋण मान्य करतो. चेहऱ्याचा अर्थ जर शेजारच्या चित्रावरून ठरत असेल, तर तो चेहरा खरोखर घाबरलेला असावा म्हणून माणसाला छळण्याची गरजच उरत नाही. (घोडबंदर रस्त्यावरच्या कोणत्याही संकुलात समोरच्या इमारतीकडे तोंड करून राहणाऱ्याला तो चित्रपट वेगळा समजावून सांगावा लागू नये.)

आता तिसरा दावा. यातला पहिला भाग खरा आहे आणि तो मान्य करताना मला आनंद होत नाही. ‘द बर्ड्स’च्या अखेरीस माडीवरच्या खोलीत पक्ष्यांचा हल्ला होतो. त्यासाठी यांत्रिक पक्षी वापरले जातील असे नायिका टिपी हेड्रनला सांगितले होते. प्रत्यक्षात तिच्यावर पाच दिवस जिवंत पक्षी फेकले गेले, शेवटी काही पक्षी तिच्या कपड्यांना बांधले गेले, एकाने डोळ्याजवळ ओरखडा काढला, ती कोलमडली आणि डॉक्टरांनी तिला सक्तीची विश्रांती सांगितली. हे सारे तिनेच सांगितले आहे. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आत्मकथनात तिने हिचकॉकवर लैंगिक अत्याचाराचे आरोपही केले आहेत. तोवर हिचकॉकला जाऊन ३६ वर्षे झाली होती आणि त्याच्या काही सहकाऱ्यांनी त्याचा असा अनुभव आपल्याला आला नसल्याचे सांगितले आहे. मात्र तेवढ्याने तिचे म्हणणे खोटे ठरत नाही. हिचकॉकच्या चाहत्यांनी, ज्यांत मीही आहे, हा भाग गाळून त्याची थोरवी सांगू नये.

माझा आक्षेप ‘त्यामुळेच’ या शब्दाला आहे. ‘द बर्ड्स’ पाहिलेल्या माणसाला सर्वांत घट्ट काय आठवते, ते विचारून पाहा. शाळेबाहेरच्या बाकावर नायिका सिगारेट पेटवून बसली आहे. आतून मुलांचे गाणे ऐकू येते. तिच्या मागे मुलांच्या खेळाचा लोखंडी सांगाडा आहे, त्यावर एक कावळा येऊन बसतो, मग आणखी काही. आपण पाहतो, तिला पत्ता नाही. मग कॅमेरा बराच वेळ फक्त तिच्यावर राहतो, आणि सांगाड्यावर आता किती जमले असतील हे आपल्याला कळत नाही. शेवटी तिला आकाशात एकच कावळा दिसतो, तिची नजर त्याचा पाठलाग करते, आणि तो जिथे उतरतो तो सांगाडा काळाकुट्ट भरलेला असतो. या साऱ्या प्रसंगात तिला एकाही पक्ष्याने स्पर्श केलेला नाही. चित्रपटाला नेहमीसारखे पार्श्वसंगीतही नाही. आहे ते मुलांचे गाणे आणि अन्यत्र विद्युत वाद्यावर तयार केलेले पक्ष्यांचे आवाज. टेबलाखालच्या बाँबचाच हा प्रयोग आहे, आणि तो माडीवरच्या पाच दिवसांच्या छळापेक्षा कैकपटीने भीतिदायक आहे. माडीवरच्या प्रसंगातसुद्धा जे परिणाम करते ते पक्षी, हात, चेहरा आणि दार यांचे झटपट तुकडे. तुकड्यांचे काम खोट्या पक्ष्यांनी आणि अधिक कल्पक संकलनाने निभावता आले असते, असे माझे मत आहे. पाच दिवसांच्या त्या छळाने हिचकॉकचा वारसा तिळमात्र वाढलेला नाही. तो छळ त्याच्या नावावरचा डाग आहे, आणि मजकूर तोच डाग पदक म्हणून मिरवतो.

बाकीच्या दाव्यांत फार वेळ घालवण्यासारखे काही नाही. ‘सायको’ हा रॉबर्ट ब्लॉकच्या १९५९ च्या कादंबरीवर आधारलेला आहे. विस्कॉन्सिनमध्ये १९५७ साली उघडकीस आलेल्या एड गीन या खुन्याच्या प्रकरणाचा त्या कादंबरीमागे धागा आहे, हे खरे. पण मोटेल, शॉवर आणि पळवलेले पैसे ही सारी कल्पना आहे.

गुरांची गोष्ट हिचकॉकने स्वतःच विनोद म्हणून मिरवली. आपण नटांना गुरे म्हटलेच नव्हते, त्यांना गुरांसारखे वागवावे एवढेच म्हटले होते, असा त्याचा खुलासा असे. त्यावर कॅरोल लोम्बार्ड या नटीने १९४१ च्या एका चित्रपटाच्या सेटवर खरेच कुंपण घालून त्यात तीन वासरे आणून बांधली आणि त्यांच्या गळ्यात मुख्य नटांची नावे अडकवली. विनोद कोणावर उलटला हे सांगायला नको.

त्याची बायको अल्मा रेव्हिल हिच्याविषयीचा दावा अतिशयोक्त असला तरी पूर्ण पोकळ नाही. ती संकलक आणि पटकथाकार होती, हिचकॉकपेक्षा चित्रपटधंद्यात आधी आलेली होती, आणि १९७९ मध्ये अमेरिकन फिल्म इन्स्टिट्यूटचा जीवनगौरव स्वीकारताना त्याने संकलक, लेखक, आपल्या मुलीची आई आणि उत्तम स्वयंपाकी अशा चौघांचे आभार मानून त्या चौघांचेही नाव अल्मा रेव्हिल असल्याचे सांगितले. श्रेय वाटून घेणे आणि श्रेय चोरणे यांत फरक आहे. ऑस्करच्या बाबतीत तो दिग्दर्शनासाठी पाच वेळा नामांकित होऊनही एकदाही जिंकला नाही, हे बरोबर. परंतु त्याचा ‘रेबेका’ १९४० चा सर्वोत्कृष्ट चित्रपट ठरला होता आणि १९६८ मध्ये ऑस्कर देणाऱ्या अकादमीनेच त्याला निर्मात्यांच्या एकूण कामगिरीसाठीचा थॅलबर्ग पुरस्कार दिला. घाबरलेली संस्था एखाद्याला पाच-पाच वेळा नामांकन देत नाही.

राहिला गुपिताचा दावा, आणि तो सर्वांत खोटा आहे. हिचकॉकइतके आपले काम उघड करून सांगणारा दिग्दर्शक क्वचितच झाला असेल. त्रुफोचे पुस्तक गेली सहा दशके चित्रपट शिकणाऱ्यांच्या हाती आहे. त्याच्या ‘व्हर्टिगो’ या चित्रपटासाठी इर्मिन रॉबर्ट्स या कॅमेरामनने साधलेली, कॅमेरा आणि भिंग एकाच वेळी उलट दिशांना सरकवण्याची युक्ती स्पीलबर्गने १९७५ मध्ये ‘जॉज’मध्ये वापरली आणि आज ती कोणताही हौशी मुलगा करून पाहतो. तोच ‘व्हर्टिगो’ २०१२ मध्ये ‘साइट अँड साउंड’ या ब्रिटिश मासिकाने आजवरच्या श्रेष्ठ चित्रपटांसाठी घेतलेल्या समीक्षकांच्या कौलात पहिला आला आणि २०२२ मध्ये दुसरा राहिला. त्यातल्या घंटाघराच्या जिन्याचे दृश्य कसे झाले तेही हिचकॉकने त्रुफोला सांगितले आहे. मोठी यंत्रणा लागेल म्हणून त्याला ५० हजार डॉलरचा खर्च सांगण्यात आला होता. त्याने जिन्याची छोटी प्रतिकृती बनवून ती आडवी ठेवायला लावली आणि काम १९ हजारांत झाले. त्या दृश्यात एकही पात्र नाही, केवळ पाहणाऱ्याची नजर आहे, म्हणून प्रतिकृती चालेल, एवढेच त्याचे कारण होते.