मतदानाला न जाण्याची पूर्वतयारी

मतदानाला जायचं नाही असं ठरवलंत ना? छान. पण नुसतं ठरवून भागत नाही, सबब मुरवावी लागते.

गेल्या लोकसभेला रायगड आणि रत्नागिरी-सिंधुदुर्गात मतदान होतं ७ मे २०२४ ला, ऐन आंब्यात. तुम्ही गावातच होता. म्हणजे 'गाडीचं तिकीट मिळालं नाही' बाद. (गणपतीला वेटिंगवर, दारात उभं राहून येता, हे वाडीला ठाऊक आहे.) म्हणून ऊन घ्या. ऊन ही खानदानी सबब. शाळा हाकेच्या अंतरावर असली तरी मे महिन्यात लांब जाते. शिमग्याला पालखीमागं रात्रभर नाचलात, हा विषय कुणी काढला तर पान जुळवायला उठा.

'एका मतानं काय होतंय' हे पडवीत बसून, पुढ्यात फणसाचे गरे घेऊन म्हणायचं. कोकण रेल्वेत बसून म्हणू नका. त्या रेल्वेसाठी भांडणाऱ्या मधु दंडवत्यांना राजापूर मतदारसंघानं १९७१ पासून सलग पाच वेळा दिल्लीला पाठवलं. गाडी पूर्ण मार्गावर धावली १९९८ मध्ये. घाटी उतरून, व्हाळ ओलांडून मत द्यायला जाणाऱ्या आपल्या आजोबांना एका मताचा हिशेब येत नसावा बहुतेक.

'कुणीच लायक नाही' हेही आता चालत नाही, २०१३ पासून त्यासाठी नोटाचं बटण आहे.

खरी भीती रांगेची. कलमाच्या एका झाडावरून ज्याच्याशी कोर्टात चाललंय, तो चुलतभाऊ नेमका तुमच्या पुढे उभा असणार. आडनाव एक, वाडी एक, केंद्र एक. तो म्हणणार, "विहिरीला पाणी आहे का रे?" तुम्ही 'आहे' म्हणालात की गेलात. तिथून बोलणं आंब्याच्या पेटीच्या भावावर, तिथून त्याच्या मुलीच्या लग्नावर, आणि वकिलाला आजवर दिलेली फी पाण्यात. शिवाय मानपानाचं काय? पालखीला पहिला खांदा कुणाचा यावरून गावाची बैठक रात्र रात्र चालते, आणि इथं मानकऱ्याच्या पुढे त्याच्याच बागेतला गडी उभा! कुणी त्याला मागे हो म्हणत नाही. बायकांच्या रांगेत तर वर्षभराचे अबोले सुटतात. आत आपण दिलेल्या मताची चिठ्ठी काचेतून दिसते सात सेकंद. बाहेर तास जातो. परवडेल?

बोट कोरं दिसतंय म्हणून काजूच्या बीचा चीक लावू नका, साल निघते. १९६२ पासून वापरात असलेली ती म्हैसूरची शाई घरी जमत नाही.

मतदानानंच घरी यावं असं वाटत असेल तर वयाची ८५ वर्षं पूर्ण करा. मग आधी अर्ज केला की माणसं दारात येतात. आपली काकी ८४ ची. वर्षानं हुकली.

सहा वाजले म्हणजे सुटलात असंही नाही. सहाला जे रांगेत असतील त्यांना चिठ्ठ्या मिळतात, त्याही शेवटच्या माणसापासून, मागून कुणी घुसू नये म्हणून. तेव्हा सव्वासहाला निवांत फिरायला निघा. शाळेच्या आवारात काकी अजून उभी असेल. उन्हं उतरल्यावर आली, शेवटची, म्हणून एक नंबरची चिठ्ठी तिच्या हातात. तुम्हाला बघून हरखेल. काठी दुसऱ्या हातात घेईल आणि म्हणेल,

"बोट दाखव बघू."