"पाचवीचं वाचतो" म्हणजे नक्की काय?

"तुमची कुठल्या लेव्हलला आहे हो?" पालकसभा सुटली की हा प्रश्न येतोच. वाचनाची ही लेव्हल कशी काढली, याचा पत्ता विचारणाऱ्यालाही नसतो आणि सांगणाऱ्यालाही. तरी कुणाचा चेहरा खुलतो, कुणाचा उतरतो.

सगळ्यात जास्त घोळ घालणारं वाक्य म्हणजे "तिसरीत आहे, पण पाचवीचं वाचतो". या आकड्याचा अर्थ एवढाच, की त्याला मिळाले तेवढे गुण त्याच परीक्षेत पाचवीतल्या सर्वसाधारण मुलाला मिळाले असते, असा अंदाज. पाचवीचं पुस्तक त्याच्या हातात कुणी दिलेलंच नसतं! इंटरनॅशनल रीडिंग असोसिएशन या वाचन शिकवणाऱ्यांच्या संघटनेने १९८१ मध्येच ठराव करून असे आकडे देणं बंद करा, असं सांगितलं होतं. आपण अजून तेच मिरवतोय.

मग मिनिटभराचं वाचन. मूल मोठ्याने वाचतं, बरोबर वाचलेले शब्द मोजतात. इंग्रजीसाठी हॅसब्रूक आणि टिंडल या अमेरिकन संशोधकांचा २०१७ चा तक्ता वापरतात, त्यात दुसरीच्या अखेरीचा मधला आकडा मिनिटाला १०० शब्द आहे. मधला, म्हणजे निम्मी मुलं त्याच्या खालीच असणार. पण रिपोर्टवर ९२ दिसले की घरात सुतक. आणि हा आकडा मराठीला लावणाऱ्यांना तर हात जोडावेत. 'घरासमोरच्या' हा आपला एकच शब्द आहे, इंग्रजीत त्याचे चार-पाच होतात.

मला पटते ती न्यूझीलंडच्या शिक्षणतज्ज्ञ मेरी क्ले यांनी रुजवलेली 'रनिंग रेकॉर्ड' पद्धत. मूल वाचतं, बाई शेजारी बसून बरोबर शब्दाला टिक करतात आणि चुकलं तिथे मूल काय म्हणालं ते लिहून ठेवतात. समजा छापलंय 'आई पाणी भरते'. एकजण वाचतो 'आई पाणी आणते'. दुसरा वाचतो 'आई पाणी भिरते'. चूक दोघांचीही एकेकच. पण पहिल्याने अर्थ धरला आणि अक्षरं सोडली. दुसरा अक्षरांच्या मागे गेला, आपण बोललो त्याला काही अर्थच नाही हे त्याच्या गावीही नाही. तिसरी 'आणते' म्हणून थबकते, मागे येते, 'भरते' म्हणते. तिची तर चूकच धरत नाहीत. या तिघांना उद्या वेगवेगळं शिकवायला हवं, आणि काय शिकवायचं ते त्या कागदावरच दिसतं. घरी मात्र येते फक्त टक्केवारी, नाहीतर लेव्हलचं 'ए' ते 'झेड'मधलं एखादं अक्षर.

शिवाय उतारा कशावर आहे, हेही बघा की. १९८८ मध्ये रेक्ट आणि लेस्ली या संशोधकांनी मुलांना बेसबॉलच्या सामन्यावरचा उतारा दिला. वाचनात कच्ची, पण बेसबॉल जाणणारी मुलं त्यातलं जास्त सांगू शकली. वाचनात पक्की, पण खेळाचा गंध नसलेली मागे पडली. मग त्या दिवशी कुणाची लेव्हल मोजली म्हणायची?

मोजू नये असं मी म्हणत नाही. कोण अडलंय हे लवकर कळायलाच हवं. माझा राग आहे तो पुस्तकांच्या पाठीवर चिकटवलेल्या लेव्हलच्या रंगीत पट्ट्यांवर. डायनासोरवरचं पुस्तक हवं असलेलं मूल चुकीचा रंग बघून ते परत ठेवतं, आणि आपण काय वाचतोय हे वर्गात सगळ्यांना लांबूनच कळतं. त्या पट्ट्या काढायला ना पैसे लागतात ना परिपत्रक.